विधेयक समितीकडे गेलंय? गावाकडून सूचना अशी पाठवा

तहसिलातली फाईल किती दिवसांत निघावी, अपील कुणाकडं करावं, काम रखडलं तर दंड कुणाला बसावा, हे कायद्यातल्या दोन-चार ओळींवर ठरतं. सभागृहात विधेयकावर भाषणं होतात, पण या ओळींवरून बोट फिरवत चर्चा होते ती समितीच्या बैठकीत. तिथं मंत्री, आमदार, विभागाचे सचिव आणि विधी विभागाचे अधिकारी एका टेबलाशी बसलेले असतात. समोर आलेल्या सूचनांचा खंडवार तक्ता असतो (विधेयकातल्या कलमांना ‘खंड’ म्हणतात). त्या तक्त्यात आपली ओळ जावी एवढ्यासाठी हे लिहिलंय. मराठवाड्यातले सरपंच, वकील, शेतकरी संघटनांचे कार्यकर्ते, ग्रामपंचायतीतली शिकलेली पोरं, सगळ्यांना हे जमण्यासारखं आहे.

आधी समिती कुणाची ते बघा

आपल्याकडं ‘समिती’ म्हटलं की लोकांना दांडेकर समिती आठवते, केळकर समिती आठवते. अनुशेषाचा विषय असल्यामुळं ही नावं गावागावात माहीत आहेत. पण दांडेकर समिती (1983) आणि केळकर समिती (2011) सरकारनं नेमलेल्या होत्या. अशा समितीचा अहवाल सरकारकडं जातो आणि त्याचं पुढं काय करायचं ते सरकार ठरवतं. विधिमंडळाच्या समितीचं तसं नाही. तिचे सदस्य आमदार असतात, ती सचिवांना साक्षीला बोलावू शकते, कागदपत्रं मागवू शकते आणि तिचा अहवाल सभागृहात मांडला जातो.

मुंबईत एखादं विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांकडं छाननीला गेलं तर ती संयुक्त समिती. बातम्यांत तिला संयुक्त चिकित्सा समिती म्हणतात. एकाच सभागृहाची असेल तर प्रवर समिती. दिल्लीत विभागांशी संबंधित 24 स्थायी समित्या आहेत. प्रत्येकीत 31 खासदार, लोकसभेचे 21 आणि राज्यसभेचे 10. सरकारी कर्मचारी, सार्वजनिक गाऱ्हाणी आणि कायदा-न्याय हे विषय ज्या समितीकडं आहेत ती राज्यसभेच्या अखत्यारीत येते. प्रशासनाशी संबंधित बरीच विधेयकं तिच्याकडं जातात.

माहिती अधिकाराचं विधेयक डिसेंबर 2004 मध्ये लोकसभेत आलं ते केंद्र सरकारच्या कार्यालयांपुरतं होतं. ते याच स्थायी समितीकडं छाननीला गेलं. मे 2005 मध्ये जो कायदा मंजूर झाला तो राज्यांच्या कार्यालयांनाही लागू झाला. महाराष्ट्राचा स्वतःचा 2002 चा माहिती अधिकार कायदा होता, पण आज परभणीच्या तहसिलात आपण अर्ज टाकतो तो 2005 च्या कायद्याखाली. उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, जास्तीत जास्त 25,000 रुपये दंड, हेही त्याच कायद्याचं कलम 20. आता उलटं उदाहरण बघा. याच कायद्यातलं खासगी माहितीचं कलम 8(1)(ञ) बदलणारी तरतूद 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात होती. ते विधेयक 3 ऑगस्टला मांडलं गेलं, 9 ऑगस्टपर्यंत दोन्ही सभागृहांतून पार झालं आणि समितीकडं गेलंच नाही. पंधराव्या लोकसभेत 71 टक्के विधेयकं समित्यांकडं गेली होती, सतराव्यात 16 टक्के. त्यामुळं एखादं विधेयक समितीकडं गेलं की ती संधी वाया घालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हातात दिवस किती

समिती सूचना मागवणारी जाहिरात वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या संकेतस्थळावर देते. संसदेच्या जाहिरातीत साधारण 15 दिवस दिलेले असतात. राज्यात मुदत कमी-जास्त होते, पण फार मोठी असेल असं धरून चालू नका. मराठवाड्याची अडचण अशी की जाहिरात मुंबईच्या पानावर येते, जिल्ह्याच्या पुरवणीत येईलच असं नाही. म्हणून अधिवेशन चालू असताना आठवड्यातून एकदा विधिमंडळाचं संकेतस्थळ उघडून ‘विधेयके’ आणि ‘समित्या’ ही पानं बघायची सवय एकानं तरी लावून घ्यावी. मांडलेलं विधेयक महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग पाचमध्येही छापलं जातं.

जाहिरात दिसली की त्याच दिवशी तीन कामं उरका. विधेयकाची मराठी आणि इंग्रजी, दोन्ही प्रती उतरवून घ्या. समितीच्या सदस्यांची यादी काढा. आणि शेवटची तारीख ‘पाठवण्याची’ आहे की ‘पोचण्याची’, ते नीट वाचा. टपाल नांदेडहून मुंबईला पोचायला लागणारे दिवस मुदतीतून वजा करा आणि ई-मेलची सोय दिली असेल तर दोन्हीकडून पाठवा. दिल्लीच्या समितीला हिंदी किंवा इंग्रजीत आणि जाहिरातीत सांगितलेल्या प्रतींत निवेदन द्यावं लागतं. मुंबईला मराठीत खुशाल लिहा.

सदस्यांच्या यादीत मराठवाड्यातलं कोण आहे ते शोधा. विधानसभेच्या 288 जागांपैकी 46 आपल्या आहेत, त्यामुळं एखादं तरी नाव सापडतं. निवेदनाची एक प्रत त्यांच्या कार्यालयात नेऊन द्या आणि कुठल्या खंडावर लिहिलंय ते तोंडी सांगा. बैठकीत तो खंड निघतो तेव्हा बोलणारं माणूस लागतं.

विधेयक वाचताना हे शब्द पेन्सिलीनं खुणावा

विधेयकात ‘खंड’ असतात. मंजूर झाल्यावर त्यांनाच ‘कलम’ म्हणतात. निवेदनात खंड क्रमांकच लिहा.

पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. आधी शेवटी असलेलं उद्देश व कारणे यांचे निवेदन वाचा, मग वित्तीय ज्ञापन (खर्चाबाबतची टीप), आणि मग प्रत्यायुक्त विधानाबाबतचे ज्ञापन. हे तिसरं फारसं कुणी वाचत नाही, पण कुठल्या खंडात सरकारनं नियम करायचे अधिकार स्वतःकडं ठेवलेत त्याची यादी तिथंच मिळते.

आता खंड वाचा. ‘विहित’ हा शब्द आला की थांबा. त्याचा अर्थ, ही गोष्ट नियमांत ठरेल, आत्ता कायद्यात नाही. फी विहित, नमुना विहित, इतपत चालतं. मुदत विहित, अपिलाचा अधिकारी विहित, अपात्रतेची कारणं विहित असं असेल तर कायद्याचा कणाच नियमांवर सोडलाय. हे समितीच्या लक्षात आणून देण्यासारखं आहे. ‘त्यास योग्य वाटेल असा’ म्हणजे अधिकाऱ्याची मर्जी. ‘करील’ म्हणजे करावंच लागेल, ‘करू शकेल’ म्हणजे केलं तर केलं. एवढ्या एका क्रियापदावर माणसाला पाच वर्षं हेलपाटे घालावे लागतात. शेवटचे खंड सहसा ठरीव असतात. त्यात सद्भावनेनं केलेल्या कृतीला संरक्षण, दिवाणी न्यायालयाच्या अधिकारितेला रोध आणि अडचणी दूर करण्याचा अधिकार हे असतं. दिवाणी न्यायालयाचं दार बंद केलं असेल तर बदल्यात अपील कुठं दिलंय ते शोधा. दिलंच नसेल तर तोच तुमचा पहिला मुद्दा.

मराठी पाठाची इंग्रजीशी ताडणी करा. राज्यात विधेयक मराठीत मंजूर होतं, आणि संविधानाच्या अनुच्छेद 348(3) प्रमाणं राज्यपालांच्या प्राधिकारानं प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद हा इंग्रजीतला प्राधिकृत पाठ मानला जातो. उच्च न्यायालयात त्यावरही वाद चालतो. दोन्हींत फरक दिसला तर तो जसाच्या तसा दाखवून द्या. असा मुद्दा टाळता येत नाही.

मराठवाड्यातल्या माणसानं आणखी एक गोष्ट तपासायलाच हवी. जमिनीच्या बाबतीत आपल्याकडं अजूनही हैदराबाद संस्थानाचा वारसा असलेले कायदे चालतात. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1950 आहे, इनामांसाठी 1954 चा वेगळा अधिनियम आहे. पश्चिम महाराष्ट्राला लागू असलेला कुळकायदा दुसराच, पूर्वी ‘मुंबई’ आणि आता ‘महाराष्ट्र’ नाव असलेला. नावात ‘महाराष्ट्र’ बघून आपल्याला लागू आहे असं धरणारे फसतात. दुरुस्ती विधेयकात हैदराबाद अधिनियमाचा उल्लेख आहे की नाही ते आधी पाहा. नसेल आणि तीच सवलत आपल्याला हवी असेल, तर तसं लिहा, पण पुढं सांगितलेली मर्यादा लक्षात ठेवून.

एक खंड हातात घेऊन

समजा, शेतरस्त्याच्या अर्जांबाबत विधेयक आलंय आणि त्याचा खंड 7 असा आहे:

“सक्षम प्राधिकारी, अर्ज मिळाल्यानंतर, त्यास योग्य वाटेल अशी चौकशी करून, विहित मुदतीत आदेश काढू शकेल.”

खुणावलेले तिन्ही शब्द एका ओळीत आलेत. यावर ‘शेतकऱ्यांना रस्ता मिळत नाही, तहसीलदार दाद देत नाहीत, कडक कायदा करा’ असं चार पानं लिहिलं, तर तक्ता बनवणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून खंड 7 च्या रकान्यात टाकायला एक शब्दही सापडणार नाही. ते निवेदन ‘सर्वसाधारण’ या सदरात जाईल. लिहायचं ते असं:

“खंड 7 मधील मजकुराऐवजी पुढील मजकूर दाखल करण्यात यावा: ‘सक्षम प्राधिकारी, अर्ज मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत, संबंधितांना आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन, कारणे नमूद करून लेखी आदेश काढील: परंतु, पावसामुळे स्थळपाहणी करणे शक्य नसेल तेथे, तसे कारण लेखी नमूद करून, ही मुदत जास्तीत जास्त आणखी तीस दिवसांनी वाढविता येईल.’”

हे परंतुक, म्हणजे ‘परंतु’नं सुरू होणारी सूट, मुद्दाम घातलंय. आलेल्या सूचनांवर समिती विभागाचे अभिप्राय मागवते. ‘जून ते सप्टेंबर काळ्या रानात पाहणी होत नाही, मुदत व्यवहार्य नाही’ असं विभागानं लिहिलं की सूचना तिथंच पडते. गुडघाभर चिखलात मोजणीची साखळी ओढता येत नाही हे खरंच आहे. त्या हरकतीचं उत्तर आपणच मजकुरात दिलं, तर विभागाला सूचना मोडीत काढणं अवघड जातं. प्रत्येक खंडावर लिहिताना ‘याला विभाग काय म्हणेल’ हा प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तर परंतुकात बसवा.

मांडणी तीन रकान्यांत करा: विधेयकातला मजकूर, सुचवलेला मजकूर, कारण. कारण चार-पाच ओळींत संपवा. पूर्वीच्या कायद्याचा आधार मिळाला तर सोन्याहून पिवळं. मुदतीसाठी महाराष्ट्रात आधार तयार आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या 2005 च्या अधिनियमाचं कलम 10 सांगतं की सामान्यतः कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडं कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 मध्ये अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत, पदनिर्देशित अधिकारी, दोन अपिलं आणि त्यावर आयोग अशी पूर्ण साखळी आहे, आणि 500 ते 5,000 रुपयांपर्यंत शास्ती आहे. ‘विधिमंडळानं हे तत्त्व आधीच मान्य केलंय, तेच इथं लावा’ असं म्हटलं की सदस्यांना ते उचलणं सोपं जातं.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, फोन, विधेयकाचा पूर्ण क्रमांक आणि वर्ष. ‘समितीपुढे तोंडी म्हणणे मांडण्याची इच्छा आहे’ हे वाक्य तिथंच लिहा, नंतर मागितलं तर मिळेलच असं नाही. तीन खंडांवर लिहा, फार तर पाच. एकूण चार पानांच्या वर जाऊ नका.

पुरावा कुठून आणायचा

मुदत 15 दिवसांची आणि माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला 30 दिवस, हे गणित जुळत नाही. त्यावर मार्ग म्हणजे अभिलेख अवलोकन. राज्यात जिल्हास्तरावरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतात. विषय माहीत असेल त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज आधीच टाकून ठेवावा. आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत असावा लागतो, हे विसरून लोक तीन विषय कोंबतात आणि अर्ज परत येतो.

काय बघायचं? कार्यविवरण नोंदवही. अर्ज कधी आला, कुणाकडं गेला, कधी निकाली निघाला, हे तिच्यात ओळीनं असतं. ‘सहा गठ्ठे’ पद्धत (फाईली प्रकारानुसार सहा गठ्ठ्यांत लावण्याची) पाळणाऱ्या कार्यालयात प्रलंबित प्रकरणांचा गठ्ठा वेगळाच सापडतो. सलग 20 प्रकरणं घ्या, निवडून वाईट तेवढी घेऊ नका. कागदावर चार रकाने पाडा: अर्जाची तारीख, पंचनाम्याची तारीख, आदेशाची तारीख, मधले दिवस. लोकांची नावं गाळा, गट नंबर गाळा. असा एक पानाचा तक्ता जोडलेलं निवेदन समितीत हातोहात फिरतं, कारण विभागाकडं राज्याचा एकूण आकडा असतो, पण एका तहसिलाची अशी ओळवार नोंद समोर नसते.

ग्रामसभेचा ठराव जोडता आला तर जोडा. गणपूर्ती 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जे कमी असेल ते. ठरावात ‘विधेयकाला पाठिंबा’ एवढंच न लिहिता सुचवलेला मजकूरच घ्या. ठराव क्रमांक आणि तारीख निवेदनात लिहा. ठरावाची प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानिशी हवी.

निवेदन कुठं अडकतं

एक नमुना टाईप करून त्याच्या पाचशे प्रतींवर पाचशे सह्या घेऊन पाठवणं हा आपल्याकडचा आवडता प्रकार. तक्त्यात ते सगळं मिळून एकच सूचना होतं. 2025 मध्ये महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या संयुक्त समितीकडं 12 हजारांहून जास्त सूचना आल्या होत्या. समितीकडून आलेले ठळक बदल तीन: विधेयकाच्या शीर्षातल्या उद्देशाचे शब्द, सल्लागार मंडळाची रचना, आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडं देणं. त्या कायद्याबद्दल लोकांची मतं टोकाची वेगवेगळी आहेत, पण बदल कुठल्या जातीचे झाले ते पाहण्यासारखं आहे. शब्द, रचना, दर्जा. तिन्ही गोष्टी थेट खंडात बसणाऱ्या.

दुसरी अडचण कक्षेची. दुरुस्ती विधेयक मूळ कायद्याच्या कलम 5 आणि 12 ला हात लावत असेल, तर कलम 30 बदला ही मागणी कितीही रास्त असली तरी समितीच्या हातात नसते. मग ती मागणी त्या दोन कलमांना जोडून कशी मांडता येईल ते पाहा, उदाहरणार्थ त्याच कलमात एक पोटकलम वाढवून. हैदराबाद अधिनियमाचं वर सांगितलं ते इथं लागू पडतं. तो अधिनियम दुरुस्तीच्या यादीतच नसेल तर समिती थेट दुरुस्ती करू शकत नाही. पण ‘अशीच दुरुस्ती मराठवाड्याला लागू असलेल्या अधिनियमात शासनाने आणावी’ अशी शिफारस अहवालात करा, असं आपण मागू शकतो.

राज्याच्या तिजोरीवर नवा खर्च टाकणारी सूचनाही अडते, कारण त्याला राज्यपालांची शिफारस लागते. ‘प्रत्येक मंडळात नवं कार्यालय’ मागण्यापेक्षा ‘मंडळ अधिकाऱ्यास हे अधिकार असतील’ हे मागणं निभतं.

न्यायालयात चालू असलेलं स्वतःचं प्रकरण, अमुक अधिकाऱ्याची बदली, भावकीतला बांध, हे निवेदनात आणू नका. त्यानं बाकीच्या चांगल्या मुद्द्यांचंही वजन जातं. आणि निवेदन दिल्याबरोबर ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. संसदेच्या समित्या जाहिरातीतच बजावतात की दिलेलं निवेदन समितीचं गोपनीय कागदपत्र होतं. राज्यातही अहवाल मांडला जाईपर्यंत ते जपून ठेवणंच बरं, नाहीतर सभागृहाच्या विशेष हक्कभंगाचा प्रश्न उभा राहू शकतो.

साक्षीला बोलावलं तर

बोलावणं बहुधा मुंबईला, विधान भवनात. नांदेड, परभणी, जालन्याहून देवगिरी किंवा नंदीग्राम सोयीची, लातूरकरांना त्यांची लातूर-मुंबई. पण गाडीला उशीर धरून आदल्या दिवशी पोचा. बोलावण्याचं पत्र आणि ओळखपत्र मूळ प्रतीत जवळ ठेवा, प्रवेशपत्र त्यावरच मिळतं. समिती विभागीय आयुक्तालयात बैठक घेणार असेल तर छत्रपती संभाजीनगरलाच काम भागतं.

बोलायला मिळणारा वेळ थोडा असतो. ‘अध्यक्ष महोदय, खंड 7’ इथूनच सुरू करा. दोन खंड निवडा, बाकीचं लेखी दिलंच आहे. समोर बसलेल्या अधिकाऱ्याशी वाद घालायचा नाही, बोलणं अध्यक्षांना उद्देशून. माहीत नसलेलं विचारलं तर ‘तीन दिवसांत लेखी देतो’ म्हणा आणि खरंच द्या. तीन दिवसांत पोचलेलं ते पुरवणी टिपण पुष्कळदा मूळ निवेदनापेक्षा जास्त कामाला येतं, कारण ते सदस्यानं स्वतः मागितलेलं असतं.

कायदा झाला, आता नियम

लोक इथं सैल पडतात. ‘विहित’ म्हणून सोडलेलं सगळं आता नियमांत भरलं जाणार असतं. अधिनियमात ‘पूर्वप्रसिद्धीच्या अटीस अधीन राहून’ असे शब्द असतील तर सरकारला नियमांचा मसुदा राजपत्रात छापून हरकती मागवाव्याच लागतात. राज्याच्या अधिनियमांखालचे नियम भाग चार-बमध्ये येतात. हरकत लिहायची पद्धत तीच, तीन रकाने.

अंतिम नियम दोन्ही सभागृहांपुढं एकूण तीस दिवस ठेवले जातात, आणि त्यांची छाननी विधिमंडळाची उपविधान समिती करते. संसदेतही अशीच समिती दोन्ही सभागृहांत आहे. नियम चांगला की वाईट यात ती शिरत नाही. ती बघते ते मुख्यतः हे: नियम मूळ कायद्याच्या बाहेर गेलाय का, कायद्यात अधिकार नसताना मागच्या तारखेपासून लागू केलाय का, कर बसवतोय का, न्यायालयाचं दार बंद करतोय का, छापायला किंवा सभागृहापुढं ठेवायला उगाच उशीर झालाय का, भाषा संदिग्ध आहे का. तुमचं पत्र यांपैकी एका मुद्द्यात बसवा. उदाहरणार्थ: ‘अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे अपिलास फी नाही, नियम 14 ने 500 रुपये फी लावली आहे, हे अधिनियमाबाहेरचे आहे.’ अर्धं पान पुरतं. आमदारामार्फत दिलं तर उत्तम.

शासन निर्णय किंवा परिपत्रकानं नियमाच्या विरुद्ध काही ठरवलं असेल तर तेही लिहा. शासन निर्णयाला नियमावर कुरघोडी करता येत नाही, पण प्रत्यक्ष टेबलावर बाबू परिपत्रकच दाखवतात.

जिल्ह्यात पीआरसी आली तर

पंचायती राज समिती, झेडपीत जिला सगळे पीआरसी म्हणतात, ती जिल्हा परिषदेचे स्थानिक निधी लेखापरीक्षा अहवाल आणि वार्षिक प्रशासन अहवाल हाती घेऊन येते. पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रं बघते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष होते. नंतर मुंबईत विभागाच्या सचिवांना उत्तर द्यावं लागतं. दौऱ्याआधी रंगरंगोटी होते, ती होऊ द्या. तुम्ही लेखापरीक्षा अहवालातला परिच्छेद क्रमांक आणि वर्ष शोधा, आणि त्या आक्षेपावर झेडपीनं दिलेलं अनुपालन खरं आहे का ते जागेवर जाऊन पाहा. ‘परिच्छेद अमुक, अनुपालनात काम पूर्ण म्हटलंय, प्रत्यक्षात पाइपलाइन विहिरीपर्यंतच आहे, फोटो जोडला आहे’ असं एक पान समितीच्या सदस्याला दिलं तर साक्षीत प्रश्न निघतो. रस्त्याची, नळाची नवी मागणी तिथं देऊन उपयोग नाही.

अहवाल मांडला गेला की

अहवालात तीन ठिकाणं बघा: शिफारशी, समितीनं सुधारलेलं विधेयक आणि भिन्न मतपत्रिका (असहमत सदस्यांनी जोडलेलं वेगळं मत). सुधारलेला मजकूर मूळ विधेयकाशेजारी ठेवून ओळ न ओळ ताडा. आपली सूचना घेतली नसेल पण एखाद्या सदस्यानं भिन्न मतपत्रिकेत उचलली असेल, तर खंडवार चर्चेत तो सदस्य त्यावर दुरुस्ती सुचवू शकतो. त्याला लगेच फोन करा, अहवाल आणि मंजुरी यांत कधीकधी एका दिवसाचंच अंतर असतं. समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. मंत्र्यांनी सभागृहात ‘हे नियमांत घेऊ’ असं म्हटलं असेल, तर कार्यवृत्तातली तारीख आणि पान टिपून ठेवा. वर्षभरात नियम आले नाहीत, किंवा आले पण त्यात ते शब्द नाहीत, तर तो कागद विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडं (मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी) पाठवायचा असतो.